खालून आलेला जबाब

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र आणि त्यातली बियांची पुडी पोचली. बिया कसल्या हे लिहायला मात्र विसरलास. मास्तरांनी त्या कुंडीत लावून वर पाटी खोचली आहे, 'काहीतरी'. शाळा सोडून अकरा वर्षं झाली, बायकोबरोबर झाडं छाटतायत, पण पाटी लावल्याशिवाय माझ्या नवऱ्याला अजून चैन पडत नाही.

आमचं बरं चाललंय. सकाळी सहाला गॅलरीत वाळत घातलेले दोर काढायचे, वीत-वीत हात फिरवून तपासायचे, करवतीच्या साखळीला कानस मारायची आणि निघायचं. परवा एका बाईंनी बोलावलं होतं. झाड शेजाऱ्यांचं आणि पानं पडतात यांच्या अंगणात. म्हणाल्या, "सगळ्या नकोत, फक्त पानं पाडणाऱ्या फांद्या काढा." मी म्हटलं, न पाडणारी एखादी दाखवा, ती ठेवते. बाई खरंच चष्मा आणायला आत गेल्या.

मंगळवारी मात्र आमचं कडाक्याचं वाजलं. बाबांनी घालून दिलेली पद्धत मी अजून मोडलेली नाही. वरच्याने 'सोडू?' म्हणून विचारायचं, खालच्याने जागा मोकळी आहे हे बघून 'सोड!' म्हणायचं, मगच करवत चालवायची. कान खाली, डोळे वर. मंगळवारी मी विचारलं, खालून 'सोड' आलं, मी फांदी सोडली. तर मास्तर खालून ओरडले, "अगं, मी अजून बोललोसुद्धा नाही! चष्मा पुसत होतो मी." मी म्हटलं, तुम्ही बोललात. ते म्हणाले, नाही. घरी येईपर्यंत हेच. शेवटी त्यांनी सर्दीवर ढकललं आणि मी झोपेवर.

फोन करत जा रे. अकरा वर्षांत एक फोन नाही. या काळात पत्रं लिहिणारा माझा एकटाच भाऊ असेल. पोस्टमन माझ्याकडे कीव करून बघतो.

तुझी,
खारुताई


१० फेब्रुवारी

चि. खारुताईस आशीर्वाद.

बिया भोपळ्याच्या आहेत. पाटी बदला आणि वेल चढवायला जागा करा, नाहीतर तुमच्या दोरांवरच चढेल.

इकडे नर्सरीत नेहमीचंच. काचघरात दोन हजार कुंड्या आहेत आणि माझ्या कमरेच्या वर जाणारं एकही झाड नाही. मालक म्हणतात, तुमच्यासारखा झाडावरचा माणूस इथे कुंड्यांत कसा रमला? मी म्हणतो, गुडघे गेले. गुडघे ठणठणीत आहेत.

तू मंगळवारचं लिहिलंस ते झाड कुठलं? तू किती उंचावर होतीस? मास्तर बुंध्यापासून किती लांब उभे होते? आणि आलेला आवाज पुरुषाचाच होता हे नक्की ना? सहज विचारतोय.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सहज विचारणारा माणूस चार प्रश्न विचारत नाही. झाड म्हणशील तर जुनं महोगनी आहे, एका सरकारी आवारातलं. दाट आहे. वर चढलं की खालचं काही दिसत नाही. बाकी नेहमीचंच.

आता तू मला एक सांग. गेल्या शुक्रवारी तू इथे आला होतास का? खरं सांग, मी रागावणार नाही. सकाळी अकराची वेळ, लख्ख ऊन. मी दुसऱ्या दुबेळक्यात, खोड दुभंगतं तिथे, बसले होते. 'सोडू?' म्हटलं आणि खालून, बुंध्याच्या अगदी जवळून 'सोड' आलं. तुझ्या आवाजात. तुझं ते 'ड' जरा लांबवणं, पोटातून काढल्यासारखं. दादा, मी तो आवाज विसरेन का? हात सवयीने चालला आणि फांदी पडलीसुद्धा. मग मी खाली वाकून ओरडले, "दादा! कधी आलास?"

कुणी नाही. मी उतरले. बुंध्याला फेरी मारली, भिंतीमागे पाहिलं, आवारातल्या बंद खोलीच्या खिडकीतून आत डोकावले. खुळ्यासारखी हाका मारत होते. मास्तर फाटकावर एका सायकलवाल्याला अडवायला गेले होते, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. परत आले तेव्हा फांदीकडे बघत राहिले. दोन मिनिटांपूर्वी ते जिथे उभे होते, तिथेच ती पडली होती.

येऊन न भेटता परत गेला असशील तर मला वाईट वाटेल. पण आला होतास असं लिहिलंस तर जास्त बरं वाटेल.

तुझी,
खारुताई


२० फेब्रुवारी

खारे,

मी आलो नव्हतो. शुक्रवारी दिवसभर इथे कुंड्या भरत होतो, मालकांना विचार.

ते पाण्याच्या टाकीजवळचं पंपहाऊसचं झाड आहे ना? सरकारी आवार लिहिलंस आणि पुढे काही नाही, तेव्हाच मला शंका आली. त्या झाडाला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. आणि घेतलेलं काम टाकताच येत नसेल तर एवढं कर, यापुढे आवाजावर काही सोडायचं नाही. मास्तरांच्या हातात एक बारीक दोर दे, दुसरं टोक तुझ्या पट्ट्याला. त्यांनी दोन हिसके दिले तरच करवत. 'सोड' कुणीही म्हणो, मी म्हणो, मास्तर म्हणोत, तू ऐकलंच नाहीस असं समज.

का, ते विचारू नकोस.

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

विचारणार. अकरा वर्षं विचारलं नाही म्हणून ही पाळी आली.

हो, तेच झाड. मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू आणि बाबा जे काम अर्धवट सोडून उतरलात, ते गेली अकरा वर्षं तसंच उभं आहे. उतरलात म्हणजे काय, बाबांना उचलून आणलं आणि तू उतरलास. त्यानंतर त्या झाडाला कुणी हात लावला नाही. बाबांवर पडली तिच्या शेजारची, तू अर्ध्यात कापून ठेवलेली दक्षिणेकडची मोठी फांदी आता चिरत चालली आहे आणि तिच्याखालून शाळेची मुलं जातात. ऑफिसातून माणूस आला तेव्हा मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणाला देववेना. बाबांचं शेवटचं काम आहे, ते घरातल्याच माणसाने पुरं करावं असं वाटलं. यात माझं काय चुकलं?

आणि तू कुणाला शिकवतोस रे, आवाजावर सोडू नकोस म्हणून? तू तर विचारलंच नव्हतंस. चौकशीत तू स्वतः सांगितलंस, 'मी हाक न देताच फांदी सोडली.' हे वाक्य मला पाठ आहे. ज्या माणसाने आपल्याला बोट धरून चालायला शिकवलं, तो खाली उभा आहे की नाही हे विचारायला तुला एक शब्द जड झाला. मग आठव्या दिवशी तू गाव सोडलंस आणि बाबांचे दोर, करवती, सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी पत्रांत थट्टा करते म्हणजे विसरले असं समजू नकोस.

दोराचं मात्र करतेय. मास्तरांना पटलं. त्यांनी दोराला लाल चिंधी बांधून 'हिसका' अशी पाटीही लावली आहे.

खार


१ मार्च

चि. खारुताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आता लिहितो. वाचून झाल्यावर फाडून टाक, मास्तरांना दाखवू नकोस.

मी विचारलं होतं.

त्या दिवशी मी 'सोडू?' म्हटलं आणि खालून जबाब आला. स्वच्छ, मोठा, बुंध्याजवळून. 'सोड!' तो बाबांचा आवाज नव्हता. तुझा होता. तू कामावर डबा घेऊन यायचीस आणि आम्ही लवकर जेवायला उतरावं म्हणून कधीकधी बाबांच्या आधी तूच 'सोड' म्हणून मोकळी व्हायचीस. बाबा रागवायचे, तू हसायचीस. मला वाटलं, आली डबा घेऊन. मी फांदी सोडली.

उतरलो तेव्हा तू तिथे नव्हतीस. मला वाटलं, काय झालं ते बघून घाबरून पळालीस. संध्याकाळी घरी तुझा चेहरा रडून रडून सुजला होता, तू कुणाशी एक शब्द बोलत नव्हतीस, डोळा वर करून माझ्याकडे बघत नव्हतीस. मला जे समजायचं ते मी समजलो. दुसऱ्या दिवशी चौकशीत सांगितलं की मी विचारलंच नाही. विचारलं म्हटलं असतं तर जबाब कुणी दिला हे सांगावं लागलं असतं.

तुझ्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता. पण रोज तुझ्यासमोर बसून जेवणं मला झेपलं नसतं. फोन का करत नाही, तेही आज सांगतो. तुझा आवाज ऐकला की मला तो एकच शब्द ऐकू येतो. पत्रात तू बोलतेस, पण ऐकू येत नाहीस. म्हणून पत्रं.

इतकी वर्षं मी तेवढंच धरून बसलो होतो. आता त्याच झाडाखालून तुला माझा आवाज आला म्हणतेस आणि मी इथे कुंड्या भरत होतो. मग त्या दिवशी तू कुठे होतीस?

दादा


६ मार्च

दादा,

त्या दिवशी मी दातांच्या दवाखान्यात होते.

तू आणि बाबा पहाटे निघालात आणि नऊ वाजता माझी अक्कलदाढ अशी ठणकायला लागली की मास्तर मला रिक्षात घालून घेऊन गेले. दाढ आडवी होती. डॉक्टरांनी दीड तास झगडून ती तुकड्या-तुकड्यांनी काढली. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्या दिवशी मी 'सोड' काय, 'आई गं' सुद्धा म्हणू शकत नव्हते. गाल सुजला होता तो दाढेने, पण त्या आठ दिवसांत दाढेचं कोण बोलणार? बोलत नव्हते ती टाक्यांमुळे. आणि तुझ्याकडे बघत नव्हते, कारण तू बाबांना मारलंस असं सगळे म्हणत होते.

काय केलंस हे दादा? एकदा, एकदाच मला विचारायचं होतंस, 'तू आली होतीस का गं?' मी मान हलवून नाही म्हटलं असतं. तुझी अकरा वर्षं वाचली असती आणि माझा भाऊ वाचला असता. माझ्यासाठी केलंस हे मला कळतंय, आणि त्याचाच जास्त राग येतोय. काल स्वयंपाकघरात बसून इतकी रडले की मास्तरांनी न विचारता भात लावला आणि करपवला. पत्र मी फाडलं नाही. त्यांना वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी रिक्षाचं भाडं मी दिलंय. मी साक्षीदार आहे."

आता तू म्हणशील काम सोड. सोडता येत नाही. फांदीची चीर बोटभर होती ती आता हात जाईल एवढी झाली आहे. येत्या सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आत, ती उतरवायची आहे. दोर बांधू. हिसक्याशिवाय सोडणार नाही, बाबांची शपथ. मोठी क्रेन मिळते का तेही बघतेय, पण ऑफिसवाले पुढच्या महिन्याच्या गोष्टी करतात.

एक विचार मनातून जात नाही. आपले बाबा. चाळीस वर्षं खाली उभे राहिलेला माणूस. फांदी पडायच्या जागेत ते आयुष्यात एकदा गेले नाहीत, आपल्याला जाऊ दिलं नाही. मग त्या दिवशी नेमके तिथे कसे गेले?

तुझी,
खारुताई


९ मार्च

खारे, सोमवारी चढू नकोस. माझ्यासाठी थांब. मी मालकांकडे रजा मागितली आहे. हे पत्र वेळेत पोचावं एवढीच इच्छा.

दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र बुधवारी पोचलं. सोमवार होऊन गेला होता. घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. मास्तरांच्या कोपराला खरचटलंय, त्यावर त्यांनी पट्टी अशी बांधली आहे की हात मोडल्यासारखा दिसतो.

सगळं ओळीने सांगते. साडेसहाला चढले. ऊन यायला लागलं होतं, वारा अजिबात नव्हता, एक पान हलत नव्हतं. तू अकरा वर्षांपूर्वी मारलेला काप मी पहिल्यांदा जवळून पाहिला. काळा पडलाय, कडा आत वळल्यात. त्याच्या शेजारी बसून मी करवत लावली आणि थोडंच लाकूड ठेवलं. मास्तर मला दिसत नव्हते, पण दोर ताठ होता, म्हणजे ते जागेवर होते, वीस पावलं लांब. मी विचारलं, "सोडू?"

खालून जबाब आला, "सोड!"

तुझा आवाज. या वेळी आणखी जवळून, बरोबर माझ्या पायाखालून. मी दात आवळून बसले. हिसका नव्हता. मी एक, दोन, तीन मोजलं. हिसका आला नाही. उलट दोर सैल पडला. पट्ट्यापाशी त्याची वेटोळी लोंबायला लागली. मास्तरांनी तो हातातून टाकला होता.

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. फांदी कापताना खाली बघायचं नाही, या नियमावर बाबांनी मला दोनदा झाडावरून उतरवलं होतं. मी पट्ट्यावर भार टाकून आडवी झाले, पानं बाजूला सारली आणि खाली बघितलं. मास्तर धावत येत होते. सरळ फांदीच्या खाली, बुंध्याकडे, दोन्ही हात पुढे करून. आणि ओरडत होते, "अहो दादा! बाजूला व्हा! तिथे उभे राहू नका!"

दादा, तू येणार असल्याचं पत्र आम्हाला मिळालेलं नव्हतं. त्यांनी फक्त तुझा आवाज ऐकला. त्यांना वाटलं, तू न सांगता आलास आणि नेमका पडायच्या जागेत उभा राहिलास. म्हणून ते तुला ओढून काढायला धावले. माझी करवत चालू होती. त्या शब्दावर मी हात दाबला असता तर ती फांदी त्यांच्या डोक्यावर होती.

मी किंचाळले. ते बुंध्याला वळसा घालून, ठेच लागून पलीकडे पडले, पण फांदीखालून सुटले. नंतर मी कशी उतरले ते मला आठवत नाही. खाली आले तेव्हा ते माझा हात घट्ट धरून उभे होते, तोंड मिटलेलं, आणि मागून, झाडाखालून, त्यांच्याच आवाजात आलं, 'सोड.' आम्ही दोघांनीही मागे वळून बघितलं नाही. करवत तिथेच राहिली आहे, फांदीही अजून वरच आहे. रस्ता बंद करून घेतलाय, फाटकाला साखळी लावली आहे. आता ऑफिसवाले क्रेन पाठवणार आहेत. मी त्यांना एकच अट घातली, क्रेनवाल्याने कानाला ते जाड आवाजरोधक लावूनच काम करायचं.

तुला कळलं ना मी काय म्हणतेय ते? बाबा बेसावध नव्हते. तू माझा आवाज वरून ऐकलास, तसा त्यांनी तो खालून ऐकला. पोरगी फांदीखाली उभी आहे असं त्यांना वाटलं. ते मला बाहेर काढायला धावले.

तू विचारलंस आणि तुला जबाब मिळाला. तुझी चूक नाही. माझीही नाही. घरी ये.

तुझी,
खारुताई


१९ मार्च

प्रिय खारुताई,

पत्र काचघरात उभ्याने वाचलं. मालकांनी खुर्ची आणून दिली.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, चौकशीतही नाही. मी उतरलो तेव्हा बाबांचे दोन्ही हात पुढे होते. लोक म्हणाले, फांदी अडवायला केले असतील. पण फांदी अडवणारा माणूस हात वर करतो. बाबांचे हात खाली होते, कमरेच्या जरा वर, पंजे उघडे. रस्त्याकडे पळणाऱ्या लहान पोराला धरायला आपण करतो ना, तसे. मी ते अकरा वर्षं बघतोय आणि मला कळत नव्हतं की ते कुणाला धरत होते. तू सत्तावीस वर्षांची होतीस, खारे. त्यांच्या हातांना ते माहीत नव्हतं.

आज मी खूप रडलो आणि मग पोटभर जेवलो. असं बऱ्याच दिवसांनी झालं.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतोय. दुपारी चारच्या सुमारास पोचेन. न्यायला येऊ नका, रस्ता मला पाठ आहे. टाकीवरून येणार नाही, बाजारातून वळसा घालून येईन. झाडाला पाय नसतात हे मलाही कळतं, तरी मास्तरांना एवढं सांगून ठेव. पूर्वी मी कोपऱ्यावरूनच तुला हाक मारत यायचो. या वेळी मारणार नाही. फाटकाबाहेरून माझी हाक आली तर दोघांपैकी कुणीही बाहेर येऊ नका. मी बेल वाजवीन. खिडकीतून मला नीट बघून घ्या आणि मगच दार उघडा.

तुझा,
दादा